भीमेचं ‘वाळवंट’ आणि मे महिन्यातला फोटो

सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर उपग्रहाचे दोन फोटो फिरताहेत. ‘1995’ लिहिलेला हिरवागार, ‘2024’ लिहिलेला तपकिरी. खाली मजकूर: तीस वर्षांत भीमा खोऱ्याचं वाळवंट झालं, उजनी संपली, पडीक वाढलं, उपग्रह खोटं बोलत नाही.

‘वाळवंट झालं.’ वर्ष लिहिलंय, महिना गाळलाय. सगळी मेख तिथेच. आपल्याकडे ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरा, फेब्रुवारी-मार्चात काढणी. डिसेंबरात मंगळवेढ्याची काळी हिरवीगार असते, मेमध्ये तीच भेगाळून उघडी पडते. तो फोटो कुठल्याही वर्षी तपकिरीच येणार. तुलना करायची तर महिना एकच हवा, आणि एका वर्षाचे दोन-तीन फोटो हवेत. एप्रिलमध्येही जे हिरवं राहतं ते बहुतेक ऊस, डाळिंब किंवा विहीरबागायत. तसं पाहिलं तर उजनीच्या कालव्यांखाली उन्हाळ्यातलं हिरवं घटलं नाही, वाढलंय. ज्वारीच्या रानात ऊस आला. काळजी करायचीच तर त्या हिरव्याची करा. ते पाणी कुठून येतं, हे फोटोत दिसत नाही.

‘उजनी संपली.’ 2024 च्या उन्हाळ्यात भीमेवरचं हे धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं, खरंय. पण ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची. शून्यावर आलं तरी जवळपास 63 टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याखालचं तळाचं पाणी, शिल्लक असतो. शिवाय पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, होते आणि अशा फोटोंवरून केलेल्या नकाशात ती ‘नवी शेती’ म्हणून उमटते! खालची भीमा भरलेली दिसणार की कोरडी, हे फोटोच्या दिवशी पाणी सोडलं होतं का, त्यावर.

‘उपग्रह खोटं बोलत नाही.’ तो बोलतच नाही, रंग माणूस भरतो. 1995 च्या लँडसॅट उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका 30 मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. त्यात अर्धी ज्वारी, बांध, विहीर, सगळ्याला मिळून एकच रंग. 2015 पासूनच्या सेंटिनेल उपग्रहाचा ठिपका 10 मीटरचा, जेमतेम एक गुंठा. दोन्ही तसेच शेजारी ठेवले तर बराचसा ‘बदल’ कॅमेऱ्याचाच निघतो. म्हणून नकाशा करणारे काही ठिपके निवडून शिवारात जाऊन पडताळतात. फॉरवर्ड करणाऱ्याला तेवढी सवड कुठली?

राहिलं ‘पडीक’. सोलापूरजवळच्या नान्नजचं गवताळ रानही अशा नकाशांत सहज पडीक ठरतं. ते माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. तिथे गवतच हवं, झाडी नको.