‘नोकरी गेली तरी पगार चालू’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. “अरे, हा उद्या सही करणार म्हणतोय. तू एकदा बघ बाबा.” हा म्हणजे माझा भाचा. कुंडईला औषधांच्या कारखान्यात आहे, पगार १८,५००. मेसेज असा: “आजार येवो, अपघात होवो, नोकरी जावो, धंदा बसो, पगार दर महिन्याला घरी येणारच. ईएसआयचा काही उपयोग नाही. दीनदयाळ कार्डाने घर चालत नाही. काहीच झालं नाही तर सगळे पैसे परत. गोव्यातल्या प्रत्येक कमावत्या माणसाने पगार संरक्षण विमा घ्यायलाच हवा.” खाली एजंटाचा नंबर. हप्ता महिना १,५००. (ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आणि दीनदयाळ कार्ड गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं.)

हा मेसेज तीन ग्रुपांवर फिरून आमच्या घरी पोचला आहे, म्हणून उत्तरही सगळ्यांसाठी लिहितो.

आधी “नोकरी जावो, धंदा बसो” घेतो, कारण हे वाक्य डिचोलीसारख्या लोहखनिजाच्या खाणींच्या तालुक्यातल्या घरात पाठवायची हिंमत कशी होते तेच मला कळत नाही. भावोजींचा ट्रक खाणीवर होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. बँकेचा हप्ता थांबला नाही. पुढे खाणी सुरू झाल्या म्हणेपर्यंत फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींच्या ८८ लीझांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चात पुन्हा सगळं बंद. ट्रकवाले, गॅरेजवाले, टायरवाले, रस्त्याकडेचे चहावाले, सगळ्यांची कमाई एकाच वेळी गेली. ट्रकचा विमा तर प्रत्येकाकडे होता. एकाला तरी कंपनीने “धंदा बसला, हे घ्या महिन्याचे” म्हणून पैसे दिले का?

देणं शक्यच नव्हतं. शंभर जण पैसे भरतात आणि त्यातल्या दोघा-तिघांवर संकट येतं, तेव्हा विमा चालतो. शंभरच्या शंभर एका दिवशी घरी बसले तर भरपाई आणायची कुठून? त्यामुळे धंदा बसल्याबद्दल महिन्याचा पगार देणारी साधी पॉलिसी बाजारात दिसत नाही. नोकरी गेल्याचं संरक्षण मिळतं ते बहुधा कर्जासोबत किंवा दुसऱ्या पॉलिसीला जोडून, तेही कर्जाच्या काही हप्त्यांपुरतं. स्वतः राजीनामा दिला, काम बरं नाही म्हणून काढलं किंवा प्रोबेशनवर असताना गेलात, तर सहसा काहीच नाही. स्वतःचा धंदा असलेल्याचा तर प्रश्नच येत नाही.

आता ईएसआय. भाच्याला मी पगाराची स्लिप आणायला लावली. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे १३९ रुपये कापले जातात. मालक वर ३.२५ टक्के भरतो. इतक्या दिवसांत ह्या कपातीचं काय मिळतं हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. आजारी पडून रजेवर गेला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के. क्षयरोग, कर्करोग अशा यादीतल्या ३४ दीर्घ आजारांना, अटी पुऱ्या होत असतील तर, ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. कामावर जखम झाली तर बरा होईपर्यंत ९० टक्के, आणि कामावर येता-जातानाचा अपघातही त्यात बसू शकतो. मेसेज ज्याच्या नावाने १,५०० मागतोय, त्यातलं बरंचसं पोराला १३९ रुपयांत आधीच मिळालेलं आहे. मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात खेपा घालाव्या लागतात, कागदांना उशीर होतो, ते मला माहीत आहे. पण उशिरा मिळणं आणि “काही उपयोग नाही” म्हणणं ह्यांत फार फरक आहे.

एक गोष्ट मात्र त्याने ध्यानात ठेवायला हवी. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. पगार त्याच्या वर गेला की चालू सहामाही संपल्यावर कपात थांबते आणि पुढे हे कवचही जातं. पगारवाढीच्या आनंदात हे कुणाच्या लक्षात येत नाही. विम्याचा विचार त्याने तेव्हा जरूर करावा.

“आजार येवो, अपघात होवो” हे जोडीने लिहिणं मला सगळ्यात घातक वाटतं. आपल्याकडे आठवड्याला भरपाई मिळते ती मुख्यतः अपघात विम्यात. विमा नियामकाने २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना ‘सरल सुरक्षा बीमा’ नावाची एकसारखी अपघात पॉलिसी ठेवायला लावली आहे. तिच्यातली अट वाचा: अपघाताने तात्पुरतं काम बंद पडलं तर विमा रकमेच्या ०.२ टक्के दर आठवड्याला, जास्तीत जास्त १०० आठवडे. दहा लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला २,०००. भाच्याच्या पगाराइतके हवे असतील तर साडेएकवीस लाखांची पॉलिसी लागेल. शिवाय ही आठवड्याची भरपाई ऐच्छिक आहे. अर्जात मागितला नाही तर मिळत नाही. आणि कावीळ झाली, हृदयविकार आला, कंबर धरली, तर त्यातून एक रुपया नाही. गंभीर आजाराच्या पॉलिसीत ठरलेल्या आजारांनाच एकरकमी पैसे मिळतात. तो महिन्याचा पगार नव्हे.

दीनदयाळ कार्डाबद्दलचं मात्र खरं आहे, मान्य करतो. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख, पण ते हॉस्पिटलच्या बिलाचे. पाय प्लास्टरमध्ये घालून दोन महिने घरी बसलेल्याच्या तांदळाचे, वीजबिलाचे नव्हेत. वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरताच आहे.

“सगळे पैसे परत” ह्यावर फार लिहीत नाही. परत मिळणाऱ्या पैशांचा भार हप्त्यातच चढवलेला असतो, आणि वीस वर्षांनी त्या पैशांना आजची किंमत राहत नाही.

भाच्याने सही केली नाही. पण भावोजी आता स्वतःची पिकअप चालवतात. त्यांना ईएसआय नाही, मालक नाही, रजा नाही. हात मोडला तर त्या दिवसापासून कमाई बंद. विमा हवा तो त्यांना, आणि त्यांना तो मेसेज कुणी पाठवलाही नव्हता. सोमवारी त्यांचा अपघात विम्याचा अर्ज भरतोय. अर्जात धंदा ड्रायव्हरचा असं खरं तेच लिहायचं, आणि आठवड्याच्या भरपाईसमोर खूण केली की नाही ते मी स्वतः बघणार आहे.