हो, मी 'मुलांची' पुस्तकं वाचते आणि तुम्हालाही वाचायला देणार आहे

नवीन पुस्तकं आली की मी फोटो टाकते हे तुम्हा सगळ्यांना माहितीय. आज सकाळीही टाकला, फॅमिली ग्रुपवर. सगळ्या यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्या, कधीपासून यादीत होत्या, एकदाच्या हातात आल्या म्हणून खूश होऊन खाली लिहिलं की कोणाला वाचायच्या असतील तर सांगा, मी वाचून झालं की देते. त्यावर नात्यातल्या एका मोठ्या माणसाचा रिप्लाय आला, "अगं, आता तरी मोठ्यांची पुस्तकं वाचायला लाग." आणि मागोमाग हसणाऱ्या इमोजींची रांग. ज्यांच्या स्वतःच्या घरात तेरा-चौदा-सोळाची मुलं आहेत त्यांच्याही इमोजी त्यात. पुस्तकं कोणती आहेत, कशाबद्दल आहेत, एकानेही विचारलं नाही.

तिथे मी गप्प बसले. मोठ्यांशी ग्रुपवर वाद घालायचा नाही, ठीक आहे. पण दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. मला कोणी काय म्हणतं त्याने माझं वाचन थांबत नाही, थांबणारही नाही. राग याचा आला की ते वाक्य त्या ग्रुपवरच्या मुलांनीही वाचलं. त्यांच्यासाठी लिहिलेली पुस्तकं म्हणजे लवकरात लवकर मागे टाकायची, लाज वाटण्याची गोष्ट, हे त्यांना आपल्याच माणसांनी हसत हसत सांगितलं. माझा भाचाही आहे त्या ग्रुपवर.

भाच्याबद्दल इथे कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिते, त्याला विचारून लिहितेय. ताईचा मुलगा. ताईचे मिस्टर आजारी होते तेव्हा तो आठवीत होता. आजार लांबत गेला, आणि घरात येणारं-जाणारं प्रत्येक माणूस त्याच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणायचं, बाबा बरे होणार आहेत. त्या पोराने बोलणंच बंद केलं. चिडायचा नाही, रडायचा नाही, हाक मारली की यायचा, काम झालं की परत खोलीत. सगळे म्हणायचे किती समजूतदार आहे बघा. मला ते बघवायचं नाही. मी त्याला 'अ मॉन्स्टर कॉल्स' नेऊन दिलं. काही बोलले नाही, आवडलं तर वाच एवढंच.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पॅट्रिक नेसची कादंबरी आहे, 2011 सालची. तेरा वर्षांचा कॉनर, त्याची आई खूप आजारी, आणि रात्री 12 वाजून 7 मिनिटांनी घरामागचं य्यू नावाचं मोठं झाड राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येतं. राक्षस त्याला तीन गोष्टी सांगतो आणि चौथी कॉनरने सांगायची, स्वतःची, खरी. मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची होती. तिला स्वतःला कॅन्सर होता, 2007 मध्ये ती गेली, पुस्तक लिहायचं राहून गेलं आणि मग नेसने ते लिहिलं. जिम केची चित्रं आहेत, काळी-करडी, नुसती बघत बसावीत अशी. 2012 मध्ये या पुस्तकाला लेखनासाठी कार्नेगी आणि चित्रांसाठी केट ग्रीनअवे असे ब्रिटनमधले दोन्ही पुरस्कार मिळाले, त्याआधी एकाच पुस्तकाला हे दोन्ही कधी मिळाले नव्हते. पण भाच्याला पुरस्कारांचं काय घेणं. त्याच्या वयाच्या कोणाचातरी आवाज त्याला त्यात ऐकू आला, बस.

तर 'मोठ्यांची पुस्तकं वाच' म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. मोठ्यांची पुस्तकं म्हणजे नक्की कुठली? मार्कस झुसॅकची 'द बुक थीफ' घ्या, नाझी जर्मनीतल्या एका पुस्तकं चोरणाऱ्या मुलीची गोष्ट, मृत्यू सांगतोय. ऑस्ट्रेलियात 2005 मध्ये ती मोठ्यांची कादंबरी म्हणून आली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत किशोरांची म्हणून. तेच पुस्तक! मार्क हॅडनची 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' 2003 मध्ये आली ती एकाच वेळी दोन आवृत्त्यांत, एक मुलांच्या विभागासाठी, एक मोठ्यांच्या. आतला मजकूर एकच. मग ज्याने मुलांच्या विभागातून उचलली तो कमी वाचक ठरला का? आणि आपली मिलिंद बोकिलांची 'शाळा'? 2004 सालची, नववीतला मुकुंद जोशी बोलतोय, वर्ग, दोस्त, त्याला आवडणारी शिरोडकर, बाहेर आणीबाणी. ती वाचताना कोणी कोणाला म्हणालं का की अगं, नववीतल्या पोराची गोष्ट काय वाचतेस? उलट सगळ्यांनी छातीशी धरली ती. नायक चौदा-पंधराचा असणं चालतं, फक्त पुस्तकावर 'किशोरांसाठी' लिहिलेलं चालत नाही. एवढ्या एका शिक्क्यावर माणसं पुस्तक मिटून टाकतात, उघडायच्याही आधी.

बरं, यंग अ‍ॅडल्टमध्ये भुक्कड पुस्तकं ढिगाने येतात, एक मुलगी आणि दोन मुलं आणि तीन भाग, मान्य. मोठ्यांच्यात नाही येत का? पुढे.

नवीन आलेल्या गठ्ठ्याबद्दल सांगते, कारण फोटो टाकायचं खरं कारण तेच होतं.

'द आउटसायडर्स'. एस. ई. हिंटन. ही बाई शाळेत होती हो तेव्हा! पंधराव्या वर्षी लिहायला घेतली, 1967 मध्ये छापून आली तेव्हा अठराची. मुलगी असून मुलांच्या टोळ्यांवर लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक पुरुष आधीच नाक मुरडतील म्हणून प्रकाशकाने नावाची नुसती आद्याक्षरं छापायला लावली. चौदा वर्षांचा पोनीबॉय, आईवडील अपघातात गेलेले, तीन भाऊ एकमेकांना धरून राहतात. आपल्या वयाबद्दल आपल्या वयाचं कोणी खरं लिहीत नाहीये म्हणून एका शाळकरी मुलीने स्वतः बसून लिहिली आणि अजून छापली जातेय, अजून मुलं वाचतायत. याला बालिश म्हणायचं?

'मॉन्स्टर', वॉल्टर डीन मायर्स, 1999. (भाच्याच्या पुस्तकाशी काही संबंध नाही, नावात घोळ करू नका.) सोळा वर्षांचा स्टीव्ह खुनाच्या खटल्यात अडकलाय, दुकानावरच्या दरोड्यात बाहेर नजर ठेवायला तो होता असा आरोप. तो तुरुंगात बसून आपलाच खटला सिनेमाच्या पटकथेसारखा लिहून काढतो, मध्येमध्ये डायरी. आणि वाचता वाचता आपल्यालाच कळत नाही की आपण ज्यूरीत बसलोय की त्याच्या शेजारी. बारा ते अठरा वयोगटासाठीच्या साहित्याला अमेरिकेत मायकेल प्रिंट्झ पुरस्कार देतात, तो 2000 साली सुरू झाला आणि पहिलाच या पुस्तकाला मिळाला. मी कालच संपवली, रात्री उशिरापर्यंत बसून. अजून पूर्ण बाहेर आलेले नाही त्यातून.

'लाँग वे डाउन', जेसन रेनॉल्ड्स, 2017. अख्खी कादंबरी कवितेत आहे. भावाला गोळ्या घातल्यात, पंधरा वर्षांचा विल कमरेला पिस्तूल खोचून लिफ्टने खाली निघालाय बदला घ्यायला, आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडतं आणि त्याच्या ओळखीचं एक मेलेलं माणूस आत येतं. सगळं घडतं जेमतेम एका मिनिटात. पानावर ओळी अशा मांडल्यात की मोकळी जागासुद्धा वाचावी लागते. ज्या मुलांना जाड पुस्तक बघूनच धडकी भरते त्यांच्या हातात हे द्या, सुरू केलं की ठेवणार नाहीत.

'द पोएट एक्स' अजून सुरू करायचीय, तीही कवितेतच. एलिझाबेथ असेव्हेडोची, 2018 सालची, त्याच वर्षी अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं किशोर साहित्यातलं. घरात तोंड उघडता येत नाही म्हणून वहीत कविता लिहिणारी मुलगी आहे एवढंच माहितीय आणि एवढ्यावरच मला ती हवी होती.

आता बघा, खून, तुरुंग, पिस्तूल, मरण. एका मैत्रिणीने मेसेज करून विचारलं (ती ग्रुपवर नाही, तिला मीच फोटो पाठवला होता), की एवढं भयंकर मुलांना कशाला द्यायचं? ती काळजीने विचारत होती म्हणून तिच्यावर रागावले नाही. आणि हो, दहा-अकराच्या मुलाला यातलं काहीही उचलून देऊ नये, एवढं तिचं बरोबर. पण तेराच्या पुढच्यांना हे भयंकर पुस्तकातून कळतं असं वाटतं का आपल्याला? भाच्याच्या घरात ते रोज होतं. फक्त त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. पुस्तक दिल्यावर काही दिवसांनी तो माझ्याकडे आला, बराच वेळ नुसता बसला आणि मग एकदम म्हणाला, "मावशी, कॉनरला वाटतं ना की एकदाचं संपावं सगळं... तसं खरंच कोणाला वाटतं का?"

मी म्हटलं, "हो रे. खूप जणांना वाटतं."

"त्यांचं प्रेम असलं तरी?"

"प्रेम असलं तरी."

त्यावर तो फक्त "बरं" म्हणाला. आणि रडला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. त्याला आपण राक्षस आहोत असं वाटत होतं हो, तेरा वर्षांच्या पोराला, बाबांचे हाल बघवत नाहीत म्हणून संपावं असं मनात आलं एवढ्यासाठी. आम्ही इतकी माणसं होतो घरात, आणि त्याला काय झालंय ते एका पुस्तकाला माहिती होतं.

हे लिहिताना सकाळचा राग जरा खाली बसला. पण दुसरा एक उरलाय, तोही काढते.

इमोजी टाकून झाल्यावर त्यातल्याच एकाचा पर्सनल मेसेज, "पीडीएफ असेल तर पाठव." म्हणजे आधी हसायचं आणि मग फुकटात हवं. नाही पाठवणार. चोरलेली फाइल मी पुढे ढकलत नाही, लेखक त्यावर जगतात, हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांना पुस्तक मिळतच नाही, वाचनालय नाही, विकत घेणं परवडत नाही त्यांची अडचण मला समजते, म्हणूनच तर मी माझी प्रत देते म्हणतेय ना! आणि खरं सांगू का, मोबाइलवर आलेल्या शंभर फाइल्समधली एक फाइल भाच्याने कधीच उघडली नसती. मी ते पुस्तक घेऊन त्याच्या खोलीपर्यंत चालत गेले, हातात दिलं, त्यात माझ्या पेन्सिलच्या खुणा होत्या, मावशीने हे वाचलंय, मावशीला हे माहितीय, हे त्याला तिथेच कळलं. म्हणून तर प्रश्न विचारायला तो माझ्याकडे आला.

आणि म्हणूनच मला मोठ्यांनी ही पुस्तकं वाचायला हवीत. नुसती विकत आणून मुलांच्या टेबलावर ठेवायला नकोत. मुलाच्या वाचनाबद्दल तक्रार करणारे आईबाप रोज भेटतात, सारखं मोबाइल, सारखं मोबाइल, पण शेवटचं किशोरांचं पुस्तक तुम्ही कधी वाचलंत विचारलं की हसतात, तेच सकाळचं हसणं. मग कोणत्या मुलाला कोणतं पुस्तक द्यायचं हे तुम्हाला कळणार कसं? मुखपृष्ठ बघून? ज्याला काय सलतंय हे तुम्हाला माहिती आहे त्याच्यासाठीच पुस्तक शोधता येतं, आणि शोधायला आधी स्वतः वाचावं लागतं. शाळेतल्या बाई आणि सर हे करतात काही ठिकाणी, ग्रंथपाल करतात, त्यांना माझा नमस्कार. पण सगळं त्यांच्यावर ढकलून आपण इमोजी टाकत बसायचं?

ताईने ते पुस्तक नंतर वाचलं. भावोजी गेल्यावर बऱ्याच काळाने. त्याची खोली आवरताना तिला सापडलं, त्याने एका पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता तिथून तिने वाचायला सुरुवात केली म्हणे, मग परत पहिल्या पानापासून. मला रात्री फोन केला, काही बोलली नाही फार, फक्त म्हणाली, "त्याला हे वाटत होतं, मला कधी कळलं नाही गं." मग ती दोघं बोलली. काय बोलली मला माहीत नाही, मी विचारलं नाही. माझी प्रत अजून त्यांच्याकडेच आहे आणि मला ती परत नकोय, मी माझ्यासाठी दुसरी घेतली.

तर ज्यांना माझं वय बघून माझी पुस्तकं ठरवायचीत त्यांनी खुशाल ठरवा. मी पुढचाही फोटो टाकणार आहे, त्याच ग्रुपवर, त्याच मुलांसमोर, आणि खाली प्रत्येक पुस्तक कशाबद्दल आहे तेही सविस्तर लिहिणार आहे.

आता कामाचं. 'मॉन्स्टर' वाचून झालीय, लगेच देता येईल. 'लाँग वे डाउन' भाच्याने आज दुपारीच मागितलीय, ग्रुपवरचा फोटो बघून, म्हणजे त्याच्यानंतर. 'द आउटसायडर्स' मी पुन्हा वाचायला घेतलीय, आठवड्याभरात मोकळी होईल. 'द पोएट एक्स'ला वेळ लागेल, घाई करू नका. पेन्सिलच्या खुणा असतील, तुम्हीही करा, पेन नको. आधी नंबर त्यांचा, ज्यांच्या घरात तेरा ते अठराचं कोणी आहे आणि जे ते पुस्तक त्याच्या हातात द्यायच्या आधी स्वतः वाचणार आहेत. कमेंटमध्ये नाव टाका.