ते वयाचं खूळ नव्हतं

"विशीत डावा नसेल त्याला काळीज नाही, चाळिशीतही डावा असेल त्याला अक्कल नाही." चर्चिलच्या नावावर फिरणारं हे वाक्य सत्तरच्या दशकातल्या चळवळ्या पोरांना हमखास चिकटवलं जातं. त्याला पुरवणीही जोडलेली असते: शहरी, खात्यापित्या घरची पोरं होती, हाती काही लागलं नाही, शेवटी शहाणी होऊन नोकरीला लागली.

चर्चिलचं आधी. तो हे बोलल्याचा पुरावा नाही. तो स्वतः पंचविशीत हुजूर पक्षाचा खासदार होता आणि २९व्या वर्षी लिबरल पक्षात गेला.

आता 'शहरी पोरांचा खेळ'. खानदेशातल्या आदिवासी भागात, शहाद्याला, शिकलेली मुलं गेली त्याआधीच अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल तरुण सावकार-जमीनदारांनी गिळलेल्या जमिनींसाठी आणि सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांच्या, मजुरीसाठी लढत होता. मुलं त्याच्या कामात उतरली आणि १९७२मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. पुढे भिल्ल बायकांनी गुत्त्यांवर जाऊन दारूचे मटके फोडले. नवरा पितो आणि मारतो, हा प्रश्न कुठल्या पोथीतून आला नव्हता, तो या बायकांनीच ऐरणीवर आणला. या लढ्यात शहरी पोरं शिकवायला कमी आणि शिकायला जास्त गेली, असं मला ठामपणे वाटतं.

हाती काही लागलं नाही? आदिवासींना जमिनी परत देण्याचा १९७४चा कायदा आणि रोजगार हमीचा १९७७चा कायदा आठवा. श्रेय एकट्या या मुलांचं नाही, रोजगार हमीमागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेही होते. पण दुष्काळात काम मागत रस्त्यावर उतरलेल्या माणसांचा रेटा वगळून हा इतिहास सांगताच येत नाही.

आणि 'शहाणे झाले' म्हणजे कोण? शहाद्याला गेलेले, आयआयटीत शिकलेले कुमार शिराळकर २०२२मध्ये वारले, तोवर शेतमजुरांतच होते. वैद्यकीय शिक्षण घेतलेले भारत पाटणकर सत्तरी ओलांडूनही समन्यायी पाणीवाटपासाठी भांडत आहेत. अनेकांनी नोकऱ्या धरल्या, हे खरं. पण घर चालवणं म्हणजे विचार सोडणं नव्हे.

चुका झाल्या. दलित तरुणांची दलित पँथर ही संघटना काही वर्षांतच फुटली. शहरी कार्यकर्त्यांनी मंच अडवला, हा आरोप तर शहाद्याच्याच भिल्ल कवीने, वाहरू सोनवणे यांनी, कवितेतून तोंडावर केला. तो करून ते घरी बसले नाहीत, आदिवासी एकता परिषदेत काम करत राहिले.