तबकडीची मागची बाजू

लोकप्रिय संगीताचा इतिहास गाजलेल्या गाण्यांच्या याद्यांवरून लिहिला जातो आणि म्हणूनच तो अर्धवट राहतो, असे माझे ठाम मत आहे. मला स्वतःला या इतिहासातला सर्वांत जिवंत भाग विस्मरणात गेलेल्या तबकड्यांमध्ये, त्यातही त्यांच्या मागच्या बाजूंवर सापडत आला आहे.

आरसीए व्हिक्टरने १९४९ साली मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी बाजारात आणली आणि पुढे कित्येक वर्षे पॉप गाणे मुख्यतः याच आकारात घरोघरी पोचले. जे गाणे खपवायचे ते पुढच्या बाजूवर असे. मागची बाजू कोरी सोडता येत नसल्यामुळे तिथे काहीतरी भरावेच लागे. तबकडी पुढच्या गाण्यासाठी विकली गेली, तरी मागच्या गाण्याच्या रचनाकाराला त्याच्याइतकेच मानधन मिळत असे, त्यामुळे ही जागा पटकावण्यासाठी निर्मात्यांची चढाओढ चाले. फिल स्पेक्टरसारखा निर्माता तर मागे मुद्दाम घाईघाईने वाजवून घेतलेले वाद्यसंगीत टाकत असे, जेणेकरून रेडिओवरच्या निवेदकाला तबकडी उलटण्याचा मोहच होऊ नये.

तरीही निवेदक तबकडी उलटत राहिले, आणि हे फार बरे झाले. ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणे १९५४ साली मागच्या बाजूवर निघाले होते. पुढच्याच वर्षी एका चित्रपटामुळे ते लोकांच्या कानी पडले आणि अव्वल क्रमांकावर गेले. ग्लोरिया गेनरचे ‘आय विल सर्व्हाइव्ह’ १९७८ साली मागच्याच बाजूवर होते. ज्या जागेकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती, तिथे धाडस करायला मोकळीक होती, एवढाच याचा अर्थ मी लावतो.

या मोकळिकीचा सर्वांत विलक्षण नमुना १९६६ सालचा आहे. ‘नेपोलियन चौदावा’ या टोपणनावाने जेरी सॅम्युएल्स यांनी काढलेले, वेड लागलेल्या माणसाच्या तोंडचे एक गाणे अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. मनोरुग्णांची चेष्टा वाटावी असे ते गाणे आहे आणि त्यावर तेव्हा झालेली टीका मला आजही रास्त वाटते. परंतु तबकडी उलटली की मागे तेच गाणे शेवटापासून सुरुवातीकडे वाजते! शीर्षकाची अक्षरे उलट क्रमाने लावलेली आहेत आणि लेबलसुद्धा आरशात पाहावे तसे उलटे छापलेले आहे. हे लेबल छापण्यासाठी कोणीतरी वेगळा ठसा करून घेतला असेल, हे लक्षात आले की त्या काळच्या हौसेला दाद द्यावीशी वाटते.

गाजलेल्या गाण्यांच्या याद्यांमधून निसटलेल्या वस्तू तर कितीतरी आहेत. भूतानने १९७२ साली चक्क वाजणारी टपाल तिकिटे काढली. त्या चिमुकल्या तबकड्यांवर राष्ट्रगीत आणि लोकगीते होती. मागच्या बाजूला मात्र आवाज नव्हता, कारण तिकीट पाकिटावर चिकटवायचे होते. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने जानेवारी १९७९ च्या अंकासोबत कुबड्या देवमाशांच्या गाण्यांची लवचीक तबकडी दिली आणि तिच्या सुमारे १ कोटी ५ लाख प्रती काढल्या. अशी तबकडी कागदासारखी पातळ असते. ती फिरताना घसरू नये म्हणून तिच्यावर एखादे नाणे ठेवावे लागते, आणि सुई खाचेत उतरली की गाण्याआधी प्लॅस्टिकची खरखर ऐकू येते. एवढ्या घरांत पोचलेले ध्वनिमुद्रण पॉप संगीताच्या इतिहासात तळटीप म्हणूनही क्वचितच येते, याची मला मनापासून खंत वाटते.

आज गाणे सुटे मिळते आणि त्याला मागची बाजू नसते. ऐकण्याची ही सोय मला प्रिय आहे. पण जुन्या तबकड्यांचे डिजिटल रूपांतर होताना केवळ पुढचे गाणे उचलले जाते, तेव्हा ते कशाच्या सोबतीने विकले गेले, लेबलवर कोणाची नावे होती आणि मागे किती निष्काळजीपणे किंवा किती हौसेने काय भरले होते, हे सारे पुसले जाते. म्हणून ज्यांच्याकडे अशा तबकड्या आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, रूपांतर करताना दोन्ही बाजू पूर्ण मुद्रित कराव्यात, लेबलांची आणि वेष्टनाची छायाचित्रे त्यांना जोडावीत, आणि मागचे गाणे टाकाऊ वाटले तरी ते वगळू नये.