शाल कुणाकडे द्यायची?

रविवारी सकाळी साडेसहाला लीड्समधल्या माझ्या स्वयंपाकघरात समई पेटते, लॅपटॉपच्या पडद्यावर. पुण्यात तेव्हा अकरा वाजलेले असतात आणि आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचं ऑनलाइन व्याख्यान सुरू होत असतं. (हिवाळ्यात इथली घड्याळं मागे गेली की साडेपाच, तेव्हा मी रजईतूनच हजेरी लावते.) दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षांचं मनोगत. मागच्या वेळी घड्याळ लावून बसले होते. वक्त्यांनी तोंड उघडलं तेव्हा एक्केचाळीस मिनिटं झाली होती. विषय होता आनंदी वार्धक्य. त्याआधी गुडघेदुखी, त्याच्याही आधी मृत्युपत्र. प्रश्न वेळेअभावी घेता आले नाहीत. कुणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या मात्र सगळ्यांनी ऐकल्या.

अशा व्याख्यानांऐवजी कॉलेजने आम्हा माजी विद्यार्थ्यांसाठी नीट वर्गच घ्यावेत का, यावरून आमच्या 1977च्या बी.एस्सी.च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चांगलीच जुंपली. एकीचं म्हणणं, विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरची पोरं तुटपुंज्या मानधनावर शिकवताहेत, आणि तुम्हाला सत्तरीला टेकल्यावर वर्ग हवेत? दुसऱ्याचं उत्तर, देणगी मागताना बरी आठवण होते आमची! सांगलीच्या मित्राने नेहमीप्रमाणे टाचणी लावली, "नॅकची समिती येणार असेल." यात थोडं तथ्य आहे. नॅक ही कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात, आणि असे गुण असले की संघाची नोंदणी, मेळाव्याचे फोटो आणि व्याख्यानांचे अहवाल आपोआप तयार होतात.

मला रिकाम्या जागांचा मुद्दा पटतो. पण दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, की देणारं कॉलेज आणि घेणारे आम्ही. मी इथे नेमकं याच्या उलटं पाहिलं.

निवृत्तीनंतर शेजारणीने मला यूथ्रीएमध्ये ओढलं. पूर्ण नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज’. कल्पना मूळची फ्रान्सची, 1973मध्ये तुलूझला पिएर वेलास यांनी सुरू केलेली. तिथे विद्यापीठ शिकवतं आणि निवृत्त लोक ऐकतात. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅसलेट आणि त्यांच्या सोबत्यांनी ती ब्रिटनमध्ये आणली आणि विद्यापीठालाच वगळून टाकलं. सभासदांनीच सभासदांना शिकवायचं. परीक्षा नाही, पदवी नाही, मानधन नाही, आणि सभासद व्हायला जुनी पदवीही लागत नाही. आज देशभर अशा एक हजाराहून जास्त संस्था आहेत. लॉकडाउनमध्ये पुष्कळ गट झूमवर गेले, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी काही तिथेच राहिले.

मी भूशास्त्राच्या गटात नाव घातलं, कारण माझी पदवी त्याच विषयाची. लग्नानंतर इकडे आले, कौन्सिलच्या ऑफिसात तीस वर्षं फायली हलवल्या. दगडांशी संबंध उरला तो बागेपुरता. दुसऱ्याच बैठकीत खाणीत सर्व्हेअर म्हणून आयुष्य काढलेल्या एका आजोबांनी विचारलं, "तू कशावर बोलणार?" मी म्हटलं, मी ऐकायला आलेय. ते म्हणाले, ऐकायला तर आम्ही सगळेच आलोय.

मग बसले दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, तयारी करायला, आणि पायाखालची जमीन सरकली. आम्ही पदवी घेतली तेव्हा, डायनोसॉर उल्कापातामुळे संपले, हे कुणी ठोसपणे मांडलंच नव्हतं. ते मांडणारा आल्वारेझ या शास्त्रज्ञ पितापुत्रांचा लेख 1980चा, आणि त्या उल्केने पाडलेल्या, मेक्सिकोतल्या चिक्शुलूबच्या विवराची ओळख पटली 1991 साली. डायनोसॉर कशाने गेले, त्या उल्केने की आपल्या सह्याद्रीतून सांडलेल्या लाव्ह्याने, हा वाद त्या लेखानंतर पेटला, आणि मी त्या काळात पार्किंगचे परवाने तपासत होते! लोणार तर त्याहून वाईट. माझ्या वहीत ते ज्वालामुखीचं मुख म्हणून लिहिलेलं आहे. ते उल्केच्या आघाताने झालं याचा भक्कम पुरावा 1973मध्येच छापून आला होता. आमच्या सरांपर्यंत तो पोचला नव्हता, आणि माझ्यापर्यंत यायला पंचेचाळीस वर्षं लागली.

म्हणून मला कॉलेजकडून गुडघ्यांचं व्याख्यान नको आहे. गुडघ्यांसाठी डॉक्टर आहे. मला हवंय, 1977नंतर माझ्या विषयात काय काय बदललं ते. चार रविवार, आधी वाचायला दोन लेख, आणि अर्धा वेळ प्रश्नांना.

इथलं सगळं सोनं आहे असं नाही. यूथ्रीएत बहुतेक चेहरे गोरे, पेन्शन बरी असलेले आणि दुपार मोकळी असलेले. माझी पुण्यातली मैत्रीण दुपारी नातवाला बसवरून आणते, सासूबाईंना भरवते. तिला शिकवायला ये म्हणणं सोपं आहे, तिची दुपार कोण सांभाळणार? शिवाय सभासदच शिकवतात तेव्हा कधी कधी चुकीचंही ठणकावून शिकवतात, आणि थांबवायला प्राध्यापक नसतो. तिथे तुलूझचं बरोबर वाटतं.

आणि आपल्याकडे याची परंपरा नाही असंही कुणी म्हणू नये. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875मध्ये सुरू झाली. विद्यापीठांचे बहिःशाल विभाग गावोगावी वक्ते पाठवत आलेत. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989पासून घरबसल्या शिकवतंय. श्रोते घडवण्यात आपण कधीच कमी पडलो नाही. श्रोत्याला खुर्चीतून उठवून फळ्याकडे न्यायचं तेवढं राहिलं. आमच्याच ग्रुपवर एक निवृत्त धरण अभियंता आहे आणि एक भूजल खात्यातून बाहेर पडलेली. आजच्या मुलांना शिकवायला जागा भरेपर्यंत या दोघांचे चार तास घ्यायला काय हरकत होती? पहिल्या बाजूच्या तक्रारीवर तेवढाच उतारा.

हे सगळं नीट लिहून मी संघाच्या सचिवांना मेल केला. दख्खन आणि लोणारवर चार सत्रं मी घेते, मानधन नको, वेळ तुमच्या सोयीची. दोन दिवसांत उत्तर आलं, अगदी आदबीने. आनंद झाला, ताई. तारीख कळवतो. पासपोर्ट आकाराचा फोटो आणि दहा ओळींचा परिचय पाठवावा. आणि कार्यक्रम ऑनलाइन असल्याने शाल-श्रीफळ पुण्यात आपल्या कुठल्या नातेवाइकांकडे सुपूर्द करावं?

भाच्याचा पत्ता दिलाय.