जमीन पितेय तोवर पाजा

गाड्या तोडायचं यार्ड टाकताय? उत्तम. मग पहिल्याच दिवशी एक गैरसमज डोक्यातून काढा: हा धंदा लोखंडाचा नाही. लोखंड कुठे पळून जात नाही, गंजत का होईना पण जागेवर बसून राहतं. पळतं ते पातळ. एका गाडीतून इंजिन ऑईल, गिअरचं ऑईल, ब्रेक ऑईल, इंजिन थंड ठेवणारं कूलंट, टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोल आणि बॅटरीतलं ॲसिड एवढा ऐवज निघतो. शॉकॲब्सॉर्बरच्या पोटातही थोडं तेल असतं. नियम लिहिणाऱ्यांनी तेही सोडलेलं नाही.

या मंडळींचं म्हणणं असं, की गाडी आत आली की आधी बॅटरी काढा. मग टाकी रिकामी करा, एसीचा गॅस यंत्राने ओढून घ्या, तेलं वेगवेगळ्या पिंपांत काढा, ऑईल फिल्टर निथळू द्या, एअरबॅग निकामी करा, आणि एवढं सोवळं पाळून झाल्यावर कटर लावा. तेही छपराखाली, भेग नसलेल्या काँक्रीटवर. तुम्ही कशाला या भानगडीत पडता? खाली जमीन आहे ना! नट सैल करा नि बाजूला व्हा. जमीन निमूट पिते, पावती मागत नाही.

पिंपं आणलीच असतील, तर सगळं एकाच पिंपात ओता. जुनं ऑईल वेगळं ठेवलं तर शुद्ध करून पुन्हा वापरता येतं, म्हणजे घेणारा भेटण्याचा धोका असतो. त्यात कूलंट आणि पेट्रोल मिसळलं की ते कुणालाच नकोसं होतं, आणि जे कुणालाच नको ते आपोआप नाल्याचं होतं.

कूलंटचं मात्र एक आहे. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं. सांडलेलं थारोळं राखणीचं कुत्रं चाटतं, आणि त्याच्या मूत्रपिंडात स्फटिक साचून ते दोन-तीन दिवसांत मरतं. अशा वेळी कुत्रं बदला.

पावसाशी मैत्री ठेवा. त्याच्याइतका स्वस्त सफाई कामगार मिळायचा नाही. एक सर आली की उघड्या इंजिनांवरून, चेसिसवरून पाणी उतरतं आणि कुंपणाखालून इंद्रधनुष्यी तवंग घेऊन शेजाऱ्याकडे जातं. यासाठी म्हणे तेल आणि पाणी वेगळं करणारी टाकी बांधायची. बांधा, दिसायला बरी दिसते. फक्त तिचा गाळ कधी उपसू नका. गाळाने भरलेली टाकी म्हणजे जरा रुंद गटारच. पाणी एका अंगाने शिरतं तसंच दुसऱ्या अंगाने निघून जातं.

तपासणी असेल त्या सकाळी लाकडाचा भुसा पसरा. ही खरी कला आहे, घाईने करायची नाही. काळ्या डागावर पिवळाधमक भुसा पडला की यार्ड पाच मिनिटं सुतारशाळेसारखं दिसतं. मग मधोमध एक ठिपका गडद होतो, टिपकागदावर शाई पसरावी तशी त्याची कड सरकत जाते, आणि बुटाने दाबलं तर पचकन आवाज येतो. घाबरू नका, त्यावर आणखी भुसा टाका. संध्याकाळी तेलाने माखलेला भुसा पोत्यात भरून कुंपणामागे ढकलला की झालं. सकाळी एक डाग होता, आता चार पोती झाली, पण डाग तर गेला!

नोंदवही महिनाअखेरीस एका बैठकीत भरा. प्रत्येक गाडीतून नेमकं ४ लिटर ऑईल निघालं, मोटारसायकल असो वा ट्रक. पेन तेच, शाई तीच, अक्षरही तेच.

एसीच्या गॅसचं तर नावच काढू नका. व्हॉल्व्ह उघडला, फुस्स झालं, संपलं. १३४ए नावाचा हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट उष्णता अडवतो, पण दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचा पंचनामा कोण करणार?

टायरांचा मात्र डोंगर रचा. आत पाणी साचून डासांची सोय होते, आणि पेटला तर नाव होतं. १९८३ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ असाच ढीग पेटला, तो सुमारे ९ महिने जळत होता. वितळलेल्या टायरांतून तेल वाहिलं ते वेगळंच.

आता तुम्ही म्हणाल, मग काळजी घ्यायची तरी कशाची? कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. हवा स्वच्छ राहावी म्हणून गाडीत बसवलेला हा डबा, आणि तुमचं त्याच्यावर मनापासून प्रेम बसेल, कारण आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम आहे. तो फडक्यात गुंडाळा, कुलपात ठेवा, रात्री उठून एकदा पाहून या. इतकी वर्षं यार्डं पाहतोय, प्लॅटिनम सांडलेलं कुठे दिसलं नाही. त्याला छप्पर लागतं, नोंद लागते, वेगळा डबा लागतो, हे कुणाला नियमाने सांगावं लागत नाही.

विजेवरच्या गाड्या येऊ लागल्या, की उच्च दाबाची वीज वाहणारी नारिंगी केबल दिसेल तिथे नव्या पोराला पाठवा. फुटलेली बॅटरी आज थंड वाटली तरी दोन दिवसांनी पेटू शकते. तोवर ती टायरांच्या डोंगराशेजारी ठेवा, जागा वाचते.

स्वतःसाठी बाटलीबंद पाणी मागवत जा. यार्डातली बोअर हात धुवायला ठीक आहे. आणि कधी जागा विकायची वेळ आली, तर आधी वर वीतभर ताजी माती पसरून घ्या. घेणारा चिकित्सक निघाला, मातीचा नमुना मागू लागला, तर फावडं त्याच्या हातात देऊ नका. नमुना तुम्हीच काढून द्या, वरवरचा.