गेमिंगचा मॉनिटर सगळ्याला पुरतो? नाही पुरत

मॉनिटर घ्यायचा म्हटलं की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. व्हॉट्सॲपवर तोच फिरतो, दुकानातही तोच ऐकू येतो: एकदाच पैसे घाला आणि गेमिंगचा मॉनिटर घ्या. २७ इंच, १६५ हर्ट्झ, १ मिलिसेकंद, एचडीआर एवढं खोक्यावर असलं की गेम, सिनेमे, ऑफिसचं काम सगळं भागतं. फुल एचडी पुष्कळ झालं, रिझोल्यूशनसाठी जादा पैसे मोजू नका. निळा प्रकाश कमी करणारा आय-केअर मोड असला की डोळ्यांचीही चिंता मिटली.

यावर भरवसा ठेवून माझ्या भाचीने गेल्या वर्षी तसाच मॉनिटर घेतला. ती मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते आणि मी तिची प्रुफं वाचतो. त्यामुळे हा सल्ला किती महागात पडतो ते जवळून पाहिलंय.

आधी फुल एचडी, कारण खरं नुकसान तिथेच होतं. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल, पडदा केवढाही असो. २४ इंचात ते दाटीने बसतात, इंचाला साधारण ९२. २७ इंचावर तेच पसरतात आणि इंचाला ८२ उरतात. अक्षर मोठं दिसतं, पण त्यातला बारकावा एका पिक्सेलनेही वाढत नाही. इंग्रजी मजकूर यातून निभावून जातो, देवनागरीचं तसं नाही. ‘मूर्तींची’ हा शब्द घ्या. मधल्या एका अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही, शिवाय ‘मू’च्या पायाशी दीर्घ उकार. विंडोजच्या नेहमीच्या मापात १० पॉइंटाच्या अक्षराला उंचीला जेमतेम १३ पिक्सेल मिळतात. त्यातले शिरोरेषेच्या वर येणार किती, तर तीन-चार. भाचीच्या पडद्यावर त्या तिन्ही चिन्हांचा एक करडा गोळा दिसायचा. अनुस्वार आहे की सुटलाय हे कळायला दर वेळी पान मोठं करून बघायचं. एका पुस्तकात असे अकरा अनुस्वार सुटले आणि ते छापून आल्यावर दिसले. मला ते अजून खुपतं.

त्याच २७ इंचात २५६० गुणिले १४४०चा, म्हणजे क्यूएचडी मॉनिटर घेतला तर इंचाला १०९ पिक्सेल मिळतात आणि ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६०चा घेतला तर १६३. ४केवर स्केलिंग, म्हणजे विंडोजने सगळं मोठं करून दाखवण्याचं प्रमाण, १५० टक्के ठेवलं की अक्षर क्यूएचडीवरच्या एवढंच दिसतं, पण १३ऐवजी २० पिक्सेलांत रेखलेलं असतं. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याने पैसे इथे घालावेत. गेम खेळणाऱ्याने मात्र ४केचा हट्ट धरू नये: ग्राफिक्स कार्डाला दर फ्रेमला फुल एचडीच्या चौपट, सुमारे ८३ लाख पिक्सेल काढावे लागतात. क्यूएचडीत ते ३७ लाखांवर भागतं.

१६५ हर्ट्झबद्दल सल्ला अर्धा बरोबर आहे. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ला ६.९. हा फरक नेमबाजीच्या गेममध्ये हाताला कळतो, पान सरकवतानाही कळतो. १४४वरून १६५वर गेल्यावर जेमतेम एक मिलिसेकंद वाचतो, त्यासाठी जीव टाकू नये. सिनेमाचा वेग बहुधा सेकंदाला २४ फ्रेम. २४ने १२० आणि १४४ला नि:शेष भाग जातो, १६५ला जात नाही. सिनेमासाठी तो मोठा आकडा उपयोगाचा नाही.

‘१ मिलिसेकंद’ हा तर जाहिरातीचा आकडा. पिक्सेलने रंग बदलण्याचा तो सर्वांत अनुकूल वेळ असतो आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला लवकर बदलायला दिलेला जादा रेटा, शेवटपर्यंत ताणून काढलेला असतो. तेवढा ताणला की हलत्या वस्तूमागे उजळ सावली दिसू लागते. काही खोक्यांवरचा १ मिलिसेकंद बॅकलाइट सतत चालूबंद करून मिळवलेला असतो, त्यात चित्र मंदावतं. व्हीए जातीचं पॅनेल अंधाऱ्या दृश्यात रेंगाळतं, आकडा काहीही छापलेला असो.

एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र, पण त्याचं लेबल बघून मुळीच पैसे देऊ नका. पुष्कळदा लेबलाचा अर्थ एवढाच, की मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो. डिस्प्लेएचडीआर या प्रमाणपत्राची ४०० ही सर्वांत खालची पायरी, तिच्यात पडद्याचा एकेक भाग वेगळा मंद करण्याची सक्ती नाही. मग रात्रीचं आकाश काळं न दिसता राखाडी दिसतं. अंधाऱ्या खोलीत सिनेमे बघणाऱ्याने कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरं काळ्याच्या किती पट उजळ ते, विचारावा: आयपीएस पॅनेलचा साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१. ओलेड पॅनेलमध्ये काळ्या जागी पिक्सेलच विझतो, पण एकच टूलबार दिवसभर एका जागी राहणार असेल तर त्याचा डाग पडायची भीती.

राहिले डोळे. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा, वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा आढावा २०२३मध्ये आला. निळा प्रकाश गाळल्याने डोळ्यांचा ताण थोड्या काळात कमी होतो असं त्यात आढळलं नाही. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, आणि आय-केअर मोड पापण्या लववत नाही. पडद्याशेजारी कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा झळकत असेल तर ब्राइटनेस उतरवा.

भाचीचा तो मॉनिटर आता ताईच्या मुलाकडे आहे. तो व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळतो आणि खूश आहे. भाचीने २७ इंची ४के, ६० हर्ट्झचा घेतला. पहिल्या दिवशी माउस अडखळत होता, कारण जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचं होतं आणि ते ४केला ३० हर्ट्झच देतं. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टातून डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे मॉनिटरच्या दुसऱ्या जोडणीचा, सिग्नल निघत होता, तशी केबल आणल्यावर काम झालं. ‘मूर्तींची’मधला अनुस्वार आता पान मोठं न करता दिसतो.